एपी वर्ल्ड हिस्टरी घरी अभ्यासून द्यायची असेल, तर पुस्तक कोणते घ्यावे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगी दोन वर्षांपूर्वी पुण्याहून न्यू जर्सीला आली, आता दहावीत आहे, तिच्या शाळेत एपी वर्ल्ड हिस्टरीचा (एपी म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट, हायस्कूलमध्येच शिकायचा महाविद्यालयीन पातळीचा विषय) वर्ग नाही, आणि तरीही मे महिन्यातली परीक्षा तिला स्वतः अभ्यास करून द्यायची आहे. अ‍ॅम्स्को, प्रिन्स्टन रिव्ह्यू, बॅरन्स आणि फाइव्ह स्टेप्स टू अ फाइव्ह ही चार नावे तुम्हाला सुचवली गेली आहेत. त्यांतले कोणते घ्यावे, ग्रंथालयात फुकट मिळणारी जुनी प्रत चालेल का, आणि स्वतः अभियंता असलेल्या, इतिहास शाळेतच मागे पडलेल्या पालकाने मदत कशी करावी, असे तुम्ही विचारले आहे. मी गेली बरीच वर्षे अमेरिकेत हायस्कूलच्या मुलांकडून याच परीक्षेची तयारी करून घेते, आणि त्यांत वर्गाशिवाय अभ्यास करणारी मुलेही असतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

खरी अडचण पुस्तकाच्या निवडीत नाही, असे मला प्रथम सांगावेसे वाटते. वर्गात बसणाऱ्या मुलाला शिक्षकाकडून तीन गोष्टी मिळतात: काय वाचायचे आणि कोणत्या क्रमाने वाचायचे याची आखणी, लिहिलेल्या उत्तरावर शेरा, आणि आठवड्यागणिक काम पुरे करण्याचा धाक. उजळणीचे पुस्तक यांतली पहिली गोष्ट चांगली देते, तिसरी मुळीच देत नाही, आणि दुसरी देण्याचा आव आणते, पण छापील पुस्तक तुमच्या मुलीचा निबंध वाचू शकत नाही. त्यामुळे चारांतले सर्वोत्तम पुस्तक शोधण्यापेक्षा, कोणत्या पुस्तकातून तिचा अभ्यासक्रम कमीत कमी वेळ वाया घालवून वाचून होईल आणि लिहिण्यासाठी महिने शिल्लक राहतील, असे पाहायला हवे.

पुस्तक मागवण्याआधी एक फोन करा. शाळेत वर्ग नसला तरी परीक्षेला बसता येते, पण त्यासाठी तिच्या शाळेतल्या किंवा जवळच्या एखाद्या शाळेतल्या एपी समन्वयकाने तिच्या नावाने प्रश्नपत्रिका मागवावी लागते, आणि ही मुदत साधारण नोव्हेंबरच्या मध्यात संपते. सगळ्याच शाळा बाहेरच्या विद्यार्थ्यांना घेत नाहीत, म्हणून हे काम सप्टेंबरातच उरकलेले बरे.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी. हाती आठ महिने असतील तर जाडजूड पुस्तक परवडते. फेब्रुवारीत सुरुवात करणार असाल तर तेच पुस्तक ओझे होते. दुसरे, तिचा इंग्रजी वाचनाचा वेग. दोन वर्षांपूर्वी आलेली मुले वर्गात अस्खलित बोलतात, पण दाट मजकुराची दहा पाने वाचायला त्यांना इथे वाढलेल्या मुलांपेक्षा पुष्कळ वेळ लागू शकतो, आणि हे त्यांच्या बोलण्यावरून पालकांच्या लक्षात येत नाही. तिसरे, गुण कशासाठी हवे आहेत. परीक्षेचा निकाल १ ते ५ असा लागतो. काही महाविद्यालये ३ ला श्रेयांक (क्रेडिट) देतात, अनेक ठिकाणी ४ किंवा ५ लागतात, काही देतच नाहीत. ती ज्या महाविद्यालयांचा विचार करील, त्यांची धोरणे त्यांच्याच संकेतस्थळावर पाहावी लागतील.

परीक्षेत नेमके काय विचारतात हे समोर ठेवल्याशिवाय पुस्तकाची पारख करता येत नाही. सध्याच्या रचनेत परीक्षा सव्वातीन तासांची आहे. ५५ मिनिटांत ५५ बहुपर्यायी प्रश्न, त्यांना ४० टक्के भार. ४० मिनिटांत तीन लघुत्तरी प्रश्न, २० टक्के. सात दस्तऐवज देऊन त्यांच्या आधाराने लिहायचा निबंध, ज्याला मुले डीबीक्यू म्हणतात, एक तास आणि २५ टक्के. आणि तीनांतून एक निवडून लिहायचा दीर्घ निबंध, ४० मिनिटे आणि १५ टक्के. म्हणजे एकंदर ६० टक्के भार लिहिण्यावर आहे. बहुपर्यायी प्रश्नही नुसत्या पाठांतराचे नसतात. एखादा उतारा, नकाशा, चित्र किंवा तक्ता दिलेला असतो आणि त्यावर तीन-चार प्रश्न असतात. सनावळी घोकून या परीक्षेत फार दूर जाता येत नाही.

म्हणून पहिले पुस्तक विकत घेऊच नका. ही परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्ड या संस्थेने या विषयाचा अधिकृत अभ्यासक्रम-आराखडा आपल्या संकेतस्थळावर फुकट ठेवलेला आहे, तो उतरवून घ्या आणि निदान घटकांची पाने छापून भिंतीवर लावा. इ. स. १२०० पासून आजपर्यंतचा काळ त्यात नऊ घटकांत विभागला आहे आणि प्रत्येक घटकाला किती टक्के भार आहे तेही दिले आहे. १४५० ते १९०० या काळातल्या चार घटकांना, म्हणजे जमिनीवरची साम्राज्ये, समुद्रापारचे संबंध, क्रांत्या आणि औद्योगिकीकरणाचे परिणाम यांना, प्रत्येकी १२ ते १५ टक्के आहेत. बाकीच्या पाचांना प्रत्येकी ८ ते १०. कोणत्याही पुस्तकाला मी याच आराखड्याची फूटपट्टी लावते. पहिल्या महायुद्धाच्या आघाड्यांवर पाने खर्च करून सतराव्या शतकातली साम्राज्ये दोन पानांत गुंडाळणारे पुस्तक वाचायला कितीही रंजक असले, तरी या परीक्षेसाठी ते बेताचेच.

पुस्तक पारखण्याची माझी एक ठरलेली रीत आहे आणि ती तुम्ही दुकानात किंवा ग्रंथालयात अर्ध्या तासात करू शकाल. दुसऱ्या घटकातला हिंदी महासागरातील व्यापार हा विषय घ्या आणि प्रत्येक पुस्तकात तेवढाच भाग वाचा. मान्सून वारे, शिडाची गलबते, होकायंत्र, किल्वा, कालिकत, मलाक्का ही बंदरे, आणि १४०५ ते १४३३ या काळात चिनी ताफा घेऊन गेलेला झेंग हे, ही नावे सगळ्याच पुस्तकांत असतील. प्रश्न असा आहे की ती एकमेकांशी जोडलेली आहेत का. उन्हाळ्याअखेर नैर्ऋत्येकडून येणारा वारा हिवाळ्यात ईशान्येकडून वाहू लागतो, हे कोकणात ज्याचे आजोळ आहे त्याला सांगावे लागत नाही. पण त्यामुळे अरब किंवा गुजराती व्यापाऱ्याला परतीच्या वाऱ्यासाठी परक्या बंदरात महिनोन्महिने थांबावे लागे. थांबलेला माणूस तिथे घर करी, लग्न करी, मशीद बांधी. त्यातून पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर आणि आग्नेय आशियात परदेशी व्यापाऱ्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या, त्यांच्याबरोबर धर्म आणि भाषा पसरल्या, आणि जकातीच्या उत्पन्नावर बंदरांची राज्ये बळकट झाली. परीक्षेत नेमकी हीच साखळी विचारतात: कशामुळे काय घडले, काय बदलले, काय तसेच राहिले. ज्या पुस्तकात ही साखळी वाक्यांतून उलगडलेली आहे ते वाचनासाठी घ्यावे. ज्यात तीच नावे ठळक अक्षरांत एकाखाली एक दिलेली आहेत, ते शेवटच्या महिन्यात चाळण्यासाठी ठीक आहे, पण पहिल्या वाचनाला ते पुरे पडणार नाही, कारण वर्गात बसलेल्या मुलाला ही जोडणी शिक्षकांनी करून दिलेली असते आणि तुमच्या मुलीला ती करून देणारे कोणी नाही.

चार पुस्तकांविषयी माझे मत आता सांगते. घरी अभ्यास करणाऱ्या मुलांना मी वाचनासाठी अ‍ॅम्स्को देते. त्याची मांडणी अधिकृत आराखड्यातल्या नऊ घटकांना आणि त्यांतल्या उपविषयांना धरून आहे, आणि वर सांगितलेली कार्यकारणाची जोडणी त्यात बऱ्यापैकी सापडते. त्याच्या दोन उणिवा आहेत. मजकूर दाट आहे, आणि विद्यार्थ्यांच्या प्रतीत सरावप्रश्नांची उत्तरे नसतात, कारण ते वर्गात शिक्षकाच्या हाताखाली वापरायचे म्हणून तयार केलेले आहे. एकट्याने अभ्यास करणाऱ्या मुलीला ही दुसरी उणीव चांगलीच जाणवते. म्हणून सोबत प्रिन्स्टन रिव्ह्यू किंवा बॅरन्स यांपैकी एक, कोणतेही एक, घ्यावे. त्यांत पूर्ण सराव-परीक्षा असतात आणि बरोबर पर्याय बरोबर का, हे समजावलेले असते. या दोघांत मी फारसा फरक करत नाही. तुम्ही हिंदी महासागराची कसोटी लावून पाहा आणि तिला ज्याची भाषा सोपी वाटेल ते घ्या. फाइव्ह स्टेप्समध्ये पूर्ण वर्ष, एक सत्र आणि सहा आठवडे अशा तीन वेगवेगळ्या आखण्या दिलेल्या असतात, त्यामुळे ज्याला वेळापत्रक बसवता येत नाही त्याच्या ते उपयोगी पडते. तुमच्या घरी वेळापत्रक बसवणारा माणूस आहे असे तुमच्या प्रश्नावरून दिसते, तेव्हा ते सोडून दिले तरी चालेल.

चारही पुस्तके घेऊ नका. चार पुस्तकांत एकच फ्रेंच राज्यक्रांती चार वेळा वाचून झाली की अभ्यास झाल्यासारखे वाटते, आणि निबंध लिहायला मात्र मुहूर्त लागत नाही. एक वाचायला, एक सरावाला, आणि बाकीचा सगळा वेळ अधिकृत प्रश्नांना, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगते. फेब्रुवारीत सुरुवात होणार असेल तर वाचनालाही पातळ पुस्तकच घ्यावे लागेल आणि जोडणीसाठी व्हिडिओ-व्याख्यानांची मदत घ्यावी लागेल.

जुन्या प्रतीबद्दल. ग्रंथालयातल्या प्रतीचे प्रकाशनवर्ष आधी पाहा. २०१९ च्या शरद सत्रापासून हा अभ्यासक्रम इ. स. १२०० पासून सुरू होऊ लागला. त्यापूर्वी तो इ. स. पू. ८००० पासून सुरू होत असे. त्यामुळे त्याआधीच्या प्रतीत मेसोपोटेमिया, हान साम्राज्य, रोम यांवर जे पुष्कळ लिहिलेले असते ते आता विचारले जात नाही, आणि अभ्यासू मूल नेमके पहिल्या पानापासून सुरुवात करते. २०१६ पर्यंतच्या प्रतींत तर निबंधांचे प्रकारही वेगळे आहेत आणि बहुपर्यायी प्रश्न ७० असून ते आजच्यासारखे उताऱ्यांवर बांधलेले नाहीत. अशी प्रत फुकट मिळाली तरी घेऊ नका. २०१९ नंतरची प्रत मात्र माहितीपुरती निर्धास्त वापरा. तिच्यातले गुणदानाचे निकष तेवढे मानू नका, कारण २०२३-२४ पासून त्यांत बदल झाला आहे. उदाहरणार्थ, डीबीक्यूमध्ये पुराव्याचे पूर्ण गुण मिळवायला पूर्वी सहा दस्तऐवज वापरावे लागत, आता चार पुरतात. निकष नेहमी चालू वर्षाच्या अधिकृत आराखड्यातूनच घ्यावेत. जुन्या प्रश्नपत्रिकांनाही हेच लागू आहे. चीनमध्ये बौद्ध धर्माचे स्वागत कसे झाले यावरचा २००४ चा प्रश्न किंवा हान आणि रोमन लोकांचा तंत्रज्ञानाकडे पाहण्याचा दृष्टिकोन यावरचा २००७ चा प्रश्न अजूनही मुलांच्या हाती पडतो. प्रश्न सुंदर आहेत, पण काळ अभ्यासक्रमाबाहेरचा आहे.

आता लिहिण्याकडे येते, कारण वर्गाशिवाय तयारी करणाऱ्या मुलांचे गुण मी इथेच जाताना पाहिले आहेत. डीबीक्यूला सात गुण असतात: स्पष्ट दाव्याला एक, पार्श्वभूमीला एक, दस्तऐवजांतल्या पुराव्याला दोन, बाहेरच्या एका पुराव्याला एक, दोन दस्तऐवजांच्या बाबतीत लेखकाची भूमिका, हेतू, वाचक किंवा प्रसंग यांचा अर्थ लावण्याला एक, आणि युक्तिवादाच्या सखोलतेला एक. समजा, एक दस्तऐवज म्हणजे कँटनला पाठवलेल्या शाही आयुक्त लिन झेशू यांनी १८३९ मध्ये राणी व्हिक्टोरियाला उद्देशून लिहिलेले अफूबंदीचे पत्र आहे. बहुतेक मुले लिहितात, ‘लिन हे चिनी अधिकारी होते, म्हणून ते अफूच्या विरोधात होते.’ एवढ्याने गुण मिळत नाही. ‘अफूचा व्यापार मोडून काढण्याची जबाबदारीच लिन यांच्यावर असल्यामुळे आणि पत्र परकीय राज्यकर्त्याला उद्देशून असल्यामुळे, ते व्यापाराच्या हिशेबापेक्षा नीतीवर भर देतात, यावरून दिसते की चिनी सत्तेला हा प्रश्न अजून आपल्या अटींवर सुटेल असे वाटत होते,’ असे लिहिले की गुण मिळतो, कारण लेखक कोण होता यावरून पत्र तसे का आहे आणि आपल्या दाव्याला त्याने काय बळ मिळते, हे सांगितले गेले. पुढे बाहेरचा पुरावा म्हणून, बंगाल-बिहारमधली अफू ईस्ट इंडिया कंपनीच्या मक्तेदारीत होती आणि माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जात असे, हे तिने दोन वाक्यांत आपल्या दाव्याशी जोडले, तर आणखी एक गुण. उजळणीच्या पुस्तकांत निकष छापलेले असतात, पण पहिल्या वाक्याचे दुसरे वाक्य कसे होते हे फक्त लिहून, तपासून आणि पुन्हा लिहूनच समजते.

माळव्याच्या अफूवरून एक गोष्ट सांगावीशी वाटते. मराठी घरातल्या मुलांजवळ एक भांडवल असते आणि त्यातच एक धोकाही असतो. चौथ्या घटकात, राज्यसत्तेला झालेल्या अंतर्गत आणि बाहेरच्या आव्हानांच्या संदर्भात, मराठ्यांचा मुघलांशी झालेला संघर्ष अधिकृत आराखड्यातच उदाहरण म्हणून दिलेला आहे. पहिल्या घटकात भक्ती चळवळ आहे, आणि १२९० ची ज्ञानेश्वरी त्या काळात अगदी चपखल बसते. ही उदाहरणे बहुतेक पुस्तकांत एका ओळीत आटोपलेली असतात, तुमच्या मुलीला मात्र ती लहानपणापासून माहीत आहेत. धोका असा की मूल १६७४ चा राज्याभिषेक, किल्ले आणि आग्र्याहून सुटका यांवर पानभर प्रेमाने लिहिते आणि प्रश्न बाजूला राहतो. परीक्षकाला हवी असते तुलना: मुघल साम्राज्य दख्खनेत पसरताना स्थानिक सत्तेशी त्याचा संघर्ष का झाला, आणि न्यू मेक्सिकोत स्पॅनिश सत्तेविरुद्ध १६८० मध्ये झालेल्या प्वेब्लो या मूळनिवासी लोकांच्या उठावाशी त्याचे साम्य कुठे आहे व फरक कुठे. प्वेब्लोंनी स्पॅनिशांना हाकलले, पण १६९२ मध्ये ते परत आले. मराठ्यांचे राज्य मात्र औरंगजेबाच्या १७०७ मधल्या मृत्यूनंतर वाढतच गेले. हा फरक का पडला, यावर तिने चार वाक्ये लिहिली तर तिचे महाराजांविषयीचे ज्ञान खऱ्या अर्थाने कामी आले असे मी म्हणेन.

उलट बाजूने, भारतातून आलेल्या मुलांना १८५७ आणि स्वातंत्र्यलढा चांगला येतो, पण माली आणि सोंघाईची राज्ये, इंकांची श्रमसेवेची पद्धत, सोंग काळातला चीन, १७९१ ते १८०४ ची हैतीची क्रांती यांविषयी त्यांना बहुधा काहीच माहीत नसते. वाचनाचा वेळ तिथे जास्त द्यावा. पुस्तक निवडतानाही हे चार विषय उघडून पाहा. १३२४ च्या मन्सा मूसाच्या हजयात्रेची सोन्याची गोष्ट सांगून थांबणारे पुस्तक आणि सहारापार व्यापारातून ते सोने कसे आले व इस्लामने मालीच्या राज्यकारभाराला काय दिले हेही सांगणारे पुस्तक, यांत तुम्हाला लगेच फरक दिसेल.

बहुपर्यायी सरावाबद्दल फार सांगण्यासारखे नाही. दर घटकानंतर पंधरा-वीस प्रश्न वेळ लावून सोडवावेत आणि चुकलेला प्रश्न माहितीअभावी चुकला की उतारा नीट न वाचल्यामुळे, एवढे लिहून ठेवावे. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. मे २०२५ पासून ही परीक्षा ब्लूबुक या अ‍ॅपवर संगणकावर होते, म्हणून जानेवारीनंतरचे सगळे निबंध तिने टंकित करावेत आणि सात दस्तऐवज पडद्यावर वाचण्याची सवय करावी. कागदावर रेघा ओढत वाचणाऱ्या मुलांना हा बदल जड जातो.

शेवटी तुमच्या मदतीविषयी. इतिहास येत नाही म्हणून निबंध तपासता येणार नाहीत, असे समजू नका. कॉलेज बोर्डाच्या संकेतस्थळावर गेल्या वर्षांचे प्रश्न, त्यांचे गुणदानाचे निकष आणि विद्यार्थ्यांची खरी उत्तरे, मिळालेल्या गुणांसह आणि परीक्षकांच्या शेऱ्यांसह, ठेवलेली असतात. एक प्रश्न घ्या, गुण झाकून तीन उत्तरे वाचा, निकष शेजारी ठेवून स्वतः गुण द्या आणि मग अधिकृत गुणांशी ताडून पाहा. सुरुवातीला तुम्ही बहुधा जास्त गुण द्याल, कारण लांब आणि सफाईदार इंग्रजी वाचून मन भरते. परीक्षक मात्र दावा कुठे आहे आणि पुरावा त्याला जोडला आहे का, एवढेच पाहतात. तुमचे गुण अधिकृत गुणांशी जुळू लागले की मुलीचे निबंध तपासायला घ्या, आठवड्याला एक पुरे, आणि प्रत्येकाखाली एवढेच लिहा: कोणता गुण गेला आणि तो कोणत्या वाक्याने मिळाला असता.